माझा शब्द न् शब्द खोटा

ये, अशी जवळ बस. कागदावर कसं जवळ बसायचं, असं विचारू नकोस. मी लिहायला बसले की तू माझ्या सतरंजीवर पाय पसरून बसलेली आहेस असंच धरून चालते, नाहीतर माझा हात पुढं सरकत नाही. आणि बसलीच आहेस तर आधी बोलणी खा. आजी दिवाळीत रुसून गावाला निघून गेली आणि तुझा एक फोन नाही. बापाच्या हाती निरोप धाडलास, आजीला सॉरी म्हणावं. निरोपानं कुणी सॉरी धाडतं का गं? जेवणाचा डबा धाडावा तसं? आणि सॉरी कशाची ते तरी तुला ठाऊक आहे का? नाही ठाऊक. म्हणून तर लिहायला बसले. मला शाळा नाही, तुझ्या बापाच्या अंकलिपीवरून चुलीपुढं बसून अक्षरं काढायला शिकले, तेव्हा वेलांट्या बघत बसू नकोस. काय म्हणते तेवढं ऐक.

त्या दिवशी सावेडीत तुमच्या घरी सगळे फराळाला बसले होते. तू कॉलेजातलं कोडं घातलंस. एक माणूस म्हणतो, मी आत्ता बोलतोय ते खोटं आहे. मग तो खरं बोलतोय का खोटं? खरं म्हणावं तर खोटं ठरतं, खोटं म्हणावं तर खरं ठरतं. सगळे चिवडा खायचे थांबले. तू अशी खूश झालीस, टाळीच वाजवलीस. आणि तुझा बाप हसत हसत म्हणाला, "हे माझ्या आईला विचार की. तिला गावानं देवळात नेऊन खोटारडीचं सर्टिफिकेट दिलंय."

सगळे हसले. तूही हसलीस, तुझा काही दोष नाही, तुला काय ठाऊक. मी ताट तसंच ठेवून आत गेले आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं गावाला आले. तुम्हाला वाटलं म्हातारीला कोडं कळलं नाही म्हणून तिला राग आला. अगं, मला ते कोडं तुझ्या बापाला बोलता यायच्या आधी कळलेलं आहे. तुमच्यासारखं ताटावर बसून नाही कळलं.

आता सांगते. आणि मधे मधे 'हं' म्हणत जा.

बहात्तरचा दुष्काळ. तो शब्द तू पुस्तकात वाचला असशील. आपलं गाव जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला, चांगल्या सालीसुद्धा दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते बांधून बेलापूरच्या पट्ट्यात ऊस तोडायला जायचं. त्या साली तिकडंही उसाचे हाल होते, तोडायला बोलावणार कोण? सगळं गाव सरकारी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसलं. उन्हात बायकांच्या रांगा, पोरांच्या डोक्यावर लुगड्याच्या फडक्याची सावली, आणि हातोड्यांचा आवाज. रेशनवर मिलो मिळायचा, लाल जोंधळा, त्याची भाकरी तव्यावर उलटली की मोडायची. कामावर सुकडी वाटायचे, ती पोरं मुठीतच चाटायची. तुझा बाप त्यातलाच एक, माझ्या कडेवर. आज शुगर वाढते म्हणून लाडू बाजूला सारतो.

पण खाण्याचं कसं तरी निभायचं. पाण्याचं निभत नव्हतं. गावच्या विहिरीचा तळ दिसत होता. मग सरकारनं टँकर सुरू केला. टँकर यायचा आणि विहिरीत पाणी ओतायचा, आणि आम्ही बायकांनी ते पोहऱ्यानं परत शेंदून काढायचं. अर्धं तर खडकच पिऊन टाकायचा. उरलेल्याला डिझेलचा वास. आळीआळीला पाळी लावून दिली होती. ज्या घराची पाळी त्यानंच पोहरा सोडायचा, दुसऱ्यानं दोराला हात लावायचा नाही. पाळ्या कोण ठरवायचं? बागवाले. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. मी इथं बागवालेच म्हणते, त्यांची नातवंडं आता चांगली वागतात, त्यांच्या तोंडाला कशाला काळं लावू. गावचा सगळा कारभार त्या घरात होता आणि गावाच्या खालच्या अंगाला त्यांची मोसंबीची बाग होती. सगळ्या शिवारात हिरवं म्हणून तेवढंच. आम्ही म्हणायचो, त्यांच्या विहिरीला जिवंत झरा असेल. माणसाला वाटतं गं, दुसऱ्याचं नशीब बरं असेल.

तुझ्या धाकट्या आजीचे, माझ्या जावेचे, दिवस भरले होते. मी खडीवर असताना घरून सांगावा आला, पोटात दुखायला लागलंय, सुइणीला घेऊन ये. मुकादम कुरकुरला, मी हातोडा टाकला आणि निघाले. सुईण राहायची बागवाल्यांच्या वस्तीवर, बागेच्या पलीकडं. रस्त्यानं गेले असते तर मोठा वळसा होता, म्हणून मी कुंपणातून बागेत घुसले. आणि माझा पाय रुतला.

चिखलात. त्या साली, चिखलात.

खोटं कशाला सांगू, आधी मला बरं वाटलं. बोटांच्या बेचक्यातून गार गार चिखल वर आला आणि मी कशासाठी धावतेय तेच विसरले. मग वर बघितलं तर झाडांमधे आपल्या गावचा टँकर उभा. त्याचा पाईप एका आळ्यात टाकलेला, आळ्यातून पाणी पाटानं पुढच्या झाडाला चाललेलं. ड्रायव्हर सावलीत बसून मोसंबी सोलत होता. माझ्याकडं बघितलं आणि एक फोड तोंडात टाकली. मी कोण, त्याला बोलायचं कारणच काय?

सुइणीला घेऊन मी त्याच वाटेनं परत आले. ती म्हातारी माझ्या पुढं होती. तिनं लुगडं वर धरलं आणि तो पाट टुणकन ओलांडला. हे लक्षात ठेव. मी मुद्दाम सांगतेय.

घरी पोरगा झाला. तोच, तुझा ट्रॅक्टरवाला काका, आता दारातून आडवा यावा लागतो इतका सुटलाय. पण तेव्हा मूठभर होता. आणि त्याला न्हाऊ घालायला घरात पाणी नाही. रांजणाच्या तळाशी होतं तेवढं आत्याबाईंनी तांब्यात घेतलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, तू त्यांना बघितलं नाहीस. त्यांनी फडकं भिजवून लेकराला पुसून काढलं, आणि तेच फडकं पिळून बाळंतिणीचं तोंड पुसलं. मी बघत उभी होते, माझ्या पायाला तो चिखल वाळून चिकटलेला. मी म्हटलं, आत्याबाई, गावचं पाणी बागंत चाललंय. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, पायांकडं बघितलं. दुष्काळात कुणाच्या पायाला चिखल असतो? त्यांनी एक खापर घेतलं, खाली बसल्या, आणि माझ्या घोट्यापर्यंतचा चिखल खरवडून काढला, गोठ्यात नेऊन टाकला. म्हणाल्या, आपण काही बघितलं न्हाई.

त्यांचंही बरोबर होतं. घरात ओली बाळंतीण. पण माझ्या डोळ्यापुढून ते फडकं जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर सगळ्या बायका पोहरे घेऊन उभ्या असताना मी बोलले. मोठ्यानं बोलले. टँकर आधी बागेत उभा राहतो, तिथं निम्मा रिकामा होतो, उरलेलं आपल्याला येतं. बायकांनी ऐकलं. कुणी 'व्हय' म्हटलं नाही, कुणी 'न्हाई' म्हटलं नाही. पण संध्याकाळच्या आत ते बागवाल्यांच्या ओट्यावर पोचलं.

पुढची पाळी आली तेव्हा त्यांच्या माणसानं माझा दोर धरला. म्हणाला, तुझ्या घराला पाणी नाही. खोटं बोलणाऱ्या घराला पाळी नाही. पाणी पाहिजे असेल तर देवळात येऊन भंडारा उचल.

भंडारा उचलणं म्हणजे काय ते तुला सांगायला हवं, तुम्ही कोर्टातल्या शपथा सिनेमात बघता. आपल्या गावात खंडोबाच्या पुढं हातावर बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन माणूस जे बोलेल ते खरं धरायचं. बांधाचं भांडण असो, चोरीचा आळ असो, भंडारा उचलला की विषय संपला. खोटा उचलला तर घरातल्या लहानग्यावर येतं, असं सगळे मानायचे. मीही मानत होते. आणि आमच्या घरात लहानगं होतं. नुकतं पुसून ठेवलेलं.

आता बघ त्यांची अक्कल. भंडारा असतो खरं बोलायला. एरवी तो ज्याच्यावर आळ आहे त्याला उचलायला लावतात. मग उचलायचा तर बागवाल्यांनी उचलायचा, की माझ्या बागेत पाणी आलं नाही म्हणून. पण नाही. त्यांनी उचलायचा नाही, मी उचलायचा. आणि उचलून काय म्हणायचं? तर मी खोटं बोलले. देवाच्या पुढं हात करून खरं खरं सांगायचं की मी खोटी. तेव्हाच माझ्या डोक्यात खुट्ट झालं होतं, पण रागानं डोकं इतकं तापलेलं, की काय खुट्ट झालं ते कळेना.

पंचांनी सुइणीला विचारलं. टुणकन पाट ओलांडणाऱ्या सुइणीला. ती म्हणाली, "मला आता नीट दिसत न्हाई बाबा." अंधाऱ्या खोपटात नाळ कापणारी बाई! पुढंही तिनं कितीतरी बाळंतपणं केली, त्याच डोळ्यांनी. बागवाल्यांच्या जागेत तिचं झोपडं होतं, मला कळतं. कळतं, पण माफ नाही केलं. इतकी वर्षं झाली, नाही केलं.

आणि तुझे आजोबा. त्यांचा फोटो तुमच्या हॉलमधे हार घालून लावलाय, तर चार शब्द मीही घालते. त्या वर्षी त्यांच्याकडं बैल नव्हते, पेरायची वेळ आली तर बागवाल्यांचेच बैल मागावे लागणार होते. ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "म्हन की. दोन शब्द म्हनल्यानं काय झिजतंय तुझं?"

मी म्हटलं, "तुमी का न्हाई म्हनत? तुमच्या तोंडाला काय कुलूप हाय?"

त्यांनी बिडी पेटवली. तो माणूस वाईट नव्हता बरं. मारलं नाही कधी, उपाशी ठेवलं नाही. पण बाई, ज्या दिवशी बोलायचं त्या दिवशी जो बिडी पेटवतो त्याच्याबरोबर उरलेला संसार कसा करायचा, ते मला विचार. केला. नाही केला असं नाही.

घरात पाणी नव्हतंच. शेजारीण पदराखाली झाकून एक तांब्या द्यायची, तोही इकडं तिकडं बघून. बाळंतिणीला ताप चढला. तिचे कपडे धुवायला पाणी नाही, लेकराच्या दुपट्याला वास यायला लागला. ती माझा हात धरून म्हणाली, "जाऊबाई, माझ्यापायी तुमाला हे." बघ, कुणी काय केलं आणि सॉरी कोण म्हणतंय. मग मी म्हटलं, चला. कुठं आहे तुमचा भंडारा?

दुपारची वेळ होती. देवळाच्या कट्ट्यावर पुरुष बसलेले, पागोटी, टोप्या. मी खाली उन्हात, डोक्यावरून पदर. आत्याबाई माझ्या मागं उभ्या. पायाखालची फरशी भाजत होती. गुरवानं माझ्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं, त्यावर चिमूट भंडारा.

बागवाले म्हणाले, म्हण, टँकरचं जे बोलले ते खोटं.

मी तोंड उघडलं होतं. म्हणणारच होते. ते म्हटलं असतं तर संपलं होतं बघ, सरळ सरळ खोटी शपथ, त्यातून पळवाट नाही. पण त्यांनी माझ्या डोळ्यांकडं बघितलं. मी खाली बघायला पाहिजे होतं, मी बघितलं नव्हतं. आणि त्यांना वाटलं असणार, ही बाई आज टँकरचं गिळेल आणि उद्या दुसरं काही ओकेल. हिचं तोंडच कायमचं शिवून टाकावं. म्हणून त्यांनी हात वर केला.

"थांब. असं म्हन. माझ्या तोंडचा शब्द न् शब्द खोटा. आजवरचा बी, आजचा बी न् हितून पुढचा बी."

कट्ट्यावर माना हलल्या. सगळ्यांना ते फार आवडलं. आणि मी उघडलेलं तोंड मिटलं.

कारण मघाचं ते खुट्ट मला आता नीट ऐकू आलं. शब्द न् शब्द खोटा. मग हा? हा जो आता म्हणायचा तो? तोही माझ्याच तोंडचा. तोही खोटाच की. म्हणजे माझा शब्द न् शब्द खोटा हे खोटं. म्हणजे माझा एखादा तरी शब्द खरा. तू तुझ्या कॉलेजात फळ्यावर करून बघ, दुसरं काही निघत नाही. हे वाक्य खरं व्हायला जागाच नाही, कुठून जाईल ते? मग एखादा शब्द खरा, तो कोणता? ते मला ठाऊक होतं, आणि ज्याच्यापुढं उभी होते त्याला.

पण मला खात्री करून घ्यायची होती. मी विचारलं, "अण्णा, शब्द न् शब्द? एक बी सोडायचा न्हाई?"

"एक बी न्हाई," ते म्हणाले.

मग मी म्हटलं. चांगलं खणखणीत म्हटलं, मागच्या ओळीतल्याला ऐकू जाईल असं. गुरवानं भंडारा माझ्या कपाळाला लावला. सभा उठली. पायऱ्या उतरताना आत्याबाई माझ्या कानाशी एवढंच बोलल्या, "लई मागितलं त्यानं." पुढं आयुष्यात त्या विषयावर एक अक्षर नाही. पण मला तेवढं पुरलं. ज्या बाईनं माझे पाय खरवडले होते तिला सगळं कळत होतं.

त्या दिवशी पाणी मिळालं. बाळंतिणीला न्हाऊ घातलं, लेकराला न्हाऊ घातलं, ते असं टाहो फोडून रडलं की मी म्हटलं, जगलं. मला वाटलं होतं आता राग शमेल. कुठचा शमतोय? विहिरीवर जायची, पोहरा वर यायचा अर्धा, तळाचा गाळ घेऊन, आणि खालच्या अंगाला ती हिरवी बाग दिसायची. मी खोटारडी. सगळं गाव मला तसंच म्हणायला लागलं, पोरंसोरंसुद्धा. खोटारडी आली, खोटारडीची पाळी.

मग एके दिवशी मी म्हटलं, बरं. खोटारडी ना? मग मी खोटारडीचं काम करते. पोहरा सोडता सोडता मी मोठ्यानं म्हणाले, "बागवाल्यांच्या बागंत आपल्या टँकरचा थेंब गेला न्हाई बरं का."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग शेजारीण, ती तांब्यावाली, पदर तोंडाला लावून फसकन हसली. तिचं बघून दुसरी. मी आपली सरळ चेहऱ्यानं दोर ओढतेय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, अण्णांसारखा देवमाणूस नाही, टँकर कसा काठोकाठ भरून येतो. रोज एक. खडीवर बसून म्हणायची, विहिरीवर म्हणायची, रेशनच्या रांगेत म्हणायची. मला कोण अडवणार? मी तर त्यांची स्तुतीच करत होते. शिवी दिली असती तर दोर धरता आला असता, स्तुतीचा दोर कसा धरणार? आणि मी खोटं बोलते हे त्यांनीच देवाकडून पक्कं करून घेतलेलं. बागवाल्यांचा माणूस काठी घेऊन उभा असायचा आणि त्याला कळायचं नाही हसावं का मारावं.

तुझे आजोबा म्हणाले, बास कर. मी म्हटलं, दोन शब्दांनी काय झिजतंय?

तर मग जीप आली. रस्त्याचं काम बघायला कोणी साहेब आले होते, ते पाणीही बघायला विहिरीवर आले. तरुण होते, चष्मा होता, रुमालानं मान पुसत होते. बागवाले त्यांच्या शेजारी, आणि मागं पंच. साहेबांनी विचारलं, टँकर भरून येतो का? पुरुष म्हणाले, येतो. साहेब बायकांकडं वळले, तुम्ही सांगा. बायका पोहऱ्यात बघायला लागल्या. मी पुढं झाले.

मी म्हटलं, "साहेब, आधी एक ऐका. म्या देवापुढं भंडारा उचलून सांगितलंय, माझा शब्द न् शब्द खोटा. हे पंच हुते, इचारा. आता सांगते. टँकर भरून येतो. बागंत पानी जात न्हाई."

साहेबांना आधी वाटलं बाई थट्टा करतेय. मग ते बागवाल्यांकडं वळले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "काय हो, ही बाई खोटं बोलते, हे खरं आहे का?"

पोरी, तो माणूस कसा उभा राहिला असेल ते डोळ्यापुढं आण. 'व्हय, खोटं बोलते' म्हणावं, तर टँकर भरून येत नाही. 'न्हाई, खरं बोलते' म्हणावं, तर मग देवळात माझ्याकडून काय उचलून घेतलं, आणि मी आधी बोलले ते काय होतं? तुझं कोडं असं भर उन्हात धोतर नेसून उभं होतं. विहिरीत कुणाचा तरी पोहरा खडकाला लागला तेवढाच आवाज.

शेवटी ते म्हणाले, "बाई येडी हाय, साहेब."

बघितलंस? खोटारडी पुरेना तर वेडी. आणि साहेबांनी मान डोलावली. साहेब हुशार होते, त्यांना कळलं होतं, मी त्यांचे डोळे बघितले. ते बागेत गेले, चहा घेतला. जीप परत गेली तेव्हा मागच्या सीटवर मोसंबीची गोणी होती, ती अख्ख्या गावानं बघितली. मी घरी येऊन जात्याच्या खुंट्याला धरून बसले, मला वाटलं आपलं डोकं फुटेल.

पण दुसऱ्या दिवसापासून टँकर भरून यायला लागला. कुणी सांगितलं, कसं झालं, कुणाला ठाऊक नाही. एक शिपाई टँकरवर बसून यायचा आणि विहिरीत पाणी पडेपर्यंत हलायचा नाही. बाग खालच्या अंगानं पिवळी पडत गेली. बायकांचे पोहरे वर येताना भरलेले असायचे, पाणी हिंदकळून पायावर सांडायचं. माझ्या जावेनं लेकराला रोज न्हाऊ घातलं.

तर तू म्हणशील, जिंकलीस की आजी, मग राग कसला?

राग हा, की सगळ्या गावानं ते पाणी प्यालं आणि एकानंही येऊन म्हटलं नाही की तू खरं बोलली होतीस. पाऊस झाला, दुष्काळ संपला, मी पंचांकडं गेले. म्हटलं, माझा भंडारा परत घ्या. माझं नाव धुऊन द्या. ते म्हणाले, देवाचं झालेलं माघारी घेता येत नाही. टँकर माघारी घेता येतो, बैल माघारी घेता येतात, मोसंबीची गोणी देता येते, बाईचं नाव तेवढं माघारी घेता येत नाही. मी खोटारडीच राहिले. तुझ्या बापाच्या लग्नात सुद्धा वरातीत कुणीतरी म्हटलं, खोटारडीचा पोरगा. तो तेच ऐकत मोठा झाला, म्हणून त्याला ती गंमत वाटते. त्याला अर्धीच गोष्ट माहीत आहे, तीही गावाच्या तोंडून. मी कधी सांगितली नाही. कशी सांगणार? मी सांगायला लागले की पहिला प्रश्न, खोटारडीचं कोण ऐकणार?

तुझं ते कोडं मी तेव्हापासून कितीदा उलटं सुलटं केलंय. तुम्हाला त्यात मजा वाटते कारण तुमच्या कोड्यातल्या माणसाला घर नाही. तो एकटाच उभा राहतो आणि म्हणतो, मी खोटं बोलतो. का म्हणतो, कुणी विचारत नाही. मला पहिलं हेच विचारावंसं वाटतं, की त्याच्या शेजारी कोण उभं होतं? त्याचा दोर कुणाच्या हातात होता? आपल्या आपण असं कुणी म्हणत नाही गं. म्हणायला लावतात. तुझ्या मास्तरांना हे विचार आणि काय म्हणतात ते मला सांग.

आणि हो, लेकरावर काही आलं नाही. मी रोज त्याचं कपाळ चाचपून बघायची, ताप तर नाही ना. कितीतरी वर्षं. भीती माझी, भंडारा माझ्या कपाळाला, आणि शब्द दुसऱ्याचे. त्याचा हिशोब कुणी द्यायचा?

असो. आता रागानं हात दुखायला लागला. बागवाल्यांची बाग कधीच तुटली, तिथं आता बाजरी असते, पण विहीर आहे. वर जाळी टाकलीय, कुणी पाणी काढत नाही, कठड्यावर दोरांच्या खाचा तेवढ्या राहिल्यात. त्यातली एक माझी आहे, मी अंधारातही बोटानं ओळखते. तुला दाखवायचीय. फोनवर सॉरी नको, निरोप तर मुळीच नको. परीक्षा झाली की सरळ पाथर्डीची गाडी धर आणि फाट्यावर उतर, मी काकाला ट्रॅक्टर घेऊन धाडते. बापालाही आण, त्याला त्या कठड्यापाशी उभं करून ही गोष्ट तू सांग. माझं नाही ऐकलं तर तुझं ऐकेल. भाकरी गरम करून घालीन, पण उशीर करू नकोस, माझे गुडघे आता विहिरीपर्यंत किती दिवस नेतील कुणास ठाऊक. लवकर ये, बाळ.